सोसण्याची शींव

"आमच्या सहनशीलतेचा अंत पाहूं नये," हें वाक्य ज्यांत नाहीं असें निवेदन आम्हीं अद्यापि पाहिलेलें नाहीं. तहसील कचेरींत द्यावयाचें पत्रक असो, ग्रामसभेचा ठराव असो, अगर विजेच्या लपंडावाविषयीं खात्याकडे धाडलेला अर्ज असो. मजकूर कोणताही असला तरी शेवटच्या परिच्छेदांत हें वाक्य आपल्या ठरलेल्या जागीं येऊन बसतें. पस्तीस वर्षें मास्तरकी केल्यामुळें भोंगवलीस व आसपासच्या वाड्यावस्त्यांवर असे अर्ज शुद्ध करून देण्याचें काम आमच्याकडे आपसूक आलें, आणि ऱ्हस्वदीर्घ तपासतां तपासतां या वाक्याचा विचार करण्याची संवय लागली. सहनशीलतेला अंत असतो हें उघड आहे. परंतु तो कोठें असतो, तो कोणीं ठरवावा, आणि तो आला म्हणजे पुढें काय करावें, या तीन प्रश्नांपैकीं एकाचेंही उत्तर निवेदनांत कधीं सांपडत नाहीं.

सहिष्णुता हा शब्द पुस्तकी आहे. गांवांत तो कोणी बोलत नाहीं. गांवांत दोन शब्द चालतात: एक सोसणें आणि दुसरा खपवून घेणें. आपण ते एकाच अर्थाचे समजून वापरतों. परंतु त्यांच्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. सून सासुरवास सोसते. तिनें तो खपवून घेतला असें कोणी म्हणत नाहीं. उलट सुनेनें उत्तर केलें तर सासू तें खपवून घेते, किंवा घेत नाहीं. ज्याच्या हातीं थांबविण्याचें बळ आहे तो खपवून घेतो. ज्याच्या हातीं तें नाहीं तो सोसतो. सहिष्णुतेवर व्याख्यानें होतात तीं बहुधा पहिल्याच्या सद्गुणावर. आणि उपदेश केला जातो तो मात्र दुसऱ्याला. एवढा एक भेद मनांत ठेवला तरी चळवळी आणि हिंसा यांविषयींचा पुष्कळसा गोंधळ कमी होईल असें आम्हांस वाटतें.

हा विचार करावयास आम्हांस परमुलखांत जावें लागत नाहीं. भोंगवली हें भोर तालुक्यांतील साधें गांव. पुणें-सातारा रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकीं शंभरांत एकाला तें ठाऊक असेल तर नवल. परंतु येथून पूर्वेस पुरंदर ओलांडला म्हणजे सुपें लागतें. वायव्येस वेल्ह्याचे डोंगर मागें टाकले म्हणजे मुळशी. आणि भोरवरून वरंधा घाट उतरला म्हणजे महाड. या तीन गांवीं पन्नास-बावन्न वर्षांच्या अवधींत तीन प्रकारच्या माणसांनीं "आतां पुरे" असें म्हटलें, आणि तिघांची म्हणण्याची तऱ्हा निरनिराळी होती.

सुप्यास १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, कुणब्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाला चढलेला भाव युद्ध संपतांच कोसळला होता. नव्या आकारणीनें सारा वाढला होता. आणि सावकाराच्या वहींत व्याज मुद्दलाला गिळून बसलें होतें. या दंग्यांचें एक वैशिष्ट्य पुढें चौकशीसाठीं नेमलेल्या सरकारी कमिशनाच्याही नजरेंत भरलें. लोकांना सावकाराचे प्राण नको होते. त्याचे कागद हवे होते. जेथें कर्जरोखे निमूटपणें हवालीं झाले तेथें बहुधा मारहाण झाली नाहीं. रोख्यांची होळी झाली आणि जमाव पांगला. चार वर्षांनीं, १८७९ सालीं, दक्षिणेंतील शेतकऱ्यांना कर्जांतून थोडा आसरा देणारा कायदा सरकारनें केला. अर्जांनीं जें झालें नव्हतें तें आगीनें झालें, असें म्हणणाऱ्याचें तोंड धरणें कठीण आहे.

हें वाचतांना आपलें मन कुणब्याकडे झुकतें, व तें योग्यच आहे. परंतु त्याच हकिकतींत एक गोष्ट अशी आहे कीं, ती वाचून पुढें जाववत नाहीं. राग निघाला तो मुख्यतः गुजर-मारवाडी सावकारांवर. त्याच भागांत व्याजबट्टा करणारे इतर सावकार बव्हंशीं वांचले. म्हणजे हिशेब व्याजाचा होता. परंतु वसुली करतांना परका दिसला तो आधीं हातीं लागला. संतापाला दिशा देणारे होकायंत्र माणसाच्या मनांत निसर्गानें बसविलेलें नाहीं, याची ही खूण होय.

मुळशीची गोष्ट याहून मोठी आणि आमच्या मतें अधिक दुःखाची. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीनें धरण बांधावयास घेतलें. वीज मुंबईला जावयाची, आणि पाण्याखालीं जावयाचीं तीं मावळांतील भाताचीं खाचरें, देवळें आणि पन्नासांवर गांवें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, शेंकडों मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. त्यांनीं शिव्या दिल्या नाहींत, दगड उचलला नाहीं; नुसते बसले. काम थांबलें. गांधीजींनीं 'यंग इंडिया'मध्यें लिहून टाटांस आवाहन केलें. परंतु थोड्या महिन्यांनीं काम पुन्हां सुरू झालें, जमीन संपादनाचा कायदा कंपनीच्या मदतीस आला, आणि मावळ्यांची एकजूट फुटावयास लागली. ती फुटण्याचें कारण विसरण्यासारखें नाहीं. पुष्कळशा जमिनी कागदोपत्रीं पुण्याच्या सावकारांच्या होत्या. त्यांना नुकसानभरपाईचा पैसा दिसला. कुळाला मात्र पैशापेक्षां खाचर हवें होतें. ज्यांच्या नांवावर जमीन होती त्यांनीं तडजोड केली. ज्यांच्या पायांखालीं ती होती ते तुरुंगांत गेले.

या लढ्यानें पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' केलें. तरुणपणीं विलायतेस जाऊन बाँबची विद्या शिकून आलेला हा मनुष्य मुळशींत सत्याग्रही म्हणून उभा राहिला, पुनःपुन्हां तुरुंगांत गेला, आणि सर्व उपाय थकल्यावर ९ डिसेंबर १९२४ रोजीं थोड्या साथीदारांसह शस्त्रें घेऊन रुळांवर उतरला. धरणाच्या कामाची गाडी अडविण्यांत आली; माणसें जखमी झालीं. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, ती त्यांनीं भोगली. धरण मात्र पुरें झालें.

सेनापतींविषयीं आमच्या मनांत जो आदर आहे तो त्यांच्या त्यागामुळें आहे, आणि तो लपविण्याचें कारण नाहीं. जें केलें तें उजेडांत केलें. त्याचें मोल दुसऱ्याच्या माथीं मारलें नाहीं. तरीही त्या दिवसाचा विचार करतांना आमची नजर सेनापतींवरून घसरून त्या गाडीवर जाते. गाडींत टाटा नव्हते, गव्हर्नर नव्हता, भरपाई घेऊन मोकळे झालेले सावकारही नव्हते. गाडींत होते ते रोजंदारीवर माती वाहणारे लोक. त्यांचींही शेतें कोठेंतरी गहाण पडलीं असतील, म्हणूनच ते दुसऱ्याचें शेत बुडविण्याच्या कामावर आले असतील. अन्याय करणारा दूर असतो, उंचावर असतो; आणि घाव हाताच्या टप्प्यांत असेल त्यावर पडतो. हिंसेविरुद्ध नीतीचे व धर्माचे आधार पुष्कळ सांगतां येतील. आम्हांस हा व्यवहारांतला आधार सर्वांत बळकट वाटतो. ती नेमकी कधीं पडत नाहीं.

महाडास याच्या उलट झालें. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत १९२३ सालीं झाला होता, आणि महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं आपलें चवदार तळें कागदावर खुलें केलें होतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारों लोक त्या तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. एवढेंच घडलें. परंतु आतां हे लोक वीरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी आवई उठली, आणि परिषदेच्या मांडवांत जेवणाऱ्या, घरोघर परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. अन्न मातींत गेलें. त्या जमावांत लष्करांतून निवृत्त झालेले धट्टेकट्टे पेन्शनर होते. आंबेडकरांच्या एका शब्दाचा अवकाश होता. तो शब्द त्यांनीं उच्चारला नाहीं. पुढें तळें पंचगव्यानें 'शुद्ध' करून घेण्यांत आलें, म्युनिसिपालिटीनें आपला ठराव मागें घेतला, डिसेंबरांतील दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर दिवाणी कोर्टाचा मनाईहुकूम आला, आणि आंबेडकरांनीं तोही मोडला नाहीं. २५ डिसेंबर १९२७ रोजीं मनुस्मृति जाळण्यांत आली. ग्रंथ जळला, माणसाच्या केसालाही धक्का लागला नाहीं. तळ्याच्या हक्काचा निकाल हायकोर्टांतून लागावयास १९३७ चा मार्च उजाडावा लागला.

एका ओंजळीसाठीं दहा वर्षें! हा आंकडा वाचून संयमाचा गौरव करणाऱ्यांनीं जरा थांबावें असें आम्हांस वाटतें. महाडचा संयम थोर होताच; परंतु त्या थोरवीचा खर्च कोणीं केला? ज्यांनीं पिढ्यानुपिढ्या सोसलें होतें त्यांनींच आणखी सोसलें. आणि मौज अशी कीं, त्या दिवशीं लाठी उचलणारेही "आमच्या सहनशीलतेचा अंत झाला" असेंच म्हणत असतील. कोणाचें काय बिघडलें होतें? पाणी तळ्यांत होतें तसेंच होतें. खपवून घेणाऱ्यानें आपल्या गैरसोयीला सोसणें हें नांव दिलें कीं असा अनर्थ होतो. शब्दांची ही अदलाबदल कोणी करूं लागला म्हणजे समाजानें सावध व्हावें.

हें सर्व पुस्तकांतलें झालें. परंतु भोरकडील जुन्या पिढीच्या आठवणींत १९४८ साल निराळ्याच रीतीनें राहिलें होतें. भोर संस्थान त्या वर्षीं ८ मार्चला मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याच्या पांच आठवडे आधीं, ३० जानेवारीला, दिल्लींत गांधीजींचा खून झाला, आणि खुनी पुण्याचा ब्राह्मण निघाला. पुढच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंनीं ब्राह्मणांचीं घरें पेटलीं. ज्यांनीं गोडशाचें नांवही ऐकलें नव्हतें अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना रात्रीं अंगावरच्या वस्त्रांनिशीं बाहेर पडावें लागलें. अहिंसेच्या पुजाऱ्याचें सुतक लोकांनीं आगी लावून पाळलें. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ज्यांनीं वाचली आहे त्यांस अधिक सांगावयास नको. या जाळपोळीमागें कुळकायद्याच्या आधीचा जमिनीचा राग होता, जातीचा जुना सल होता, आणि ते दोन्ही निराधार नव्हते, हें आम्ही जाणतों. परंतु सुप्यास निदान व्याजाचा कागद हातीं होता. येथें आडनांव तेवढें पुरलें. कृत्य सोडून जन्म पाहिला गेला, आणि करणारा गर्दींत दिसेनासा झाला. सेनापतींनीं आपलें नांव पुढें केलें होतें; येथें नांव कोणाचेंच नव्हतें. याच दिवसांत कांहीं गांवीं शेजारी दारांत आडवे उभे राहिले व त्यांनीं घरें वांचविलीं, हेंही तितकेंच खरें आहे. त्यांचींही नांवें इतिहासांत नाहींत. परंतु ज्यांचें घर वांचलें त्यांच्या घरांत तीं आहेत.

कार्ल पॉपर या व्हिएन्नाच्या तत्त्वज्ञानें हिटलरच्या काळीं न्यूझीलंडसारख्या दूरदेशीं बसून खुल्या समाजाविषयीं एक मोठा ग्रंथ लिहिला. तो १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील एका टिपेंत त्यानें म्हटलें आहे कीं, असहिष्णु लोकांनाही अमर्याद सहिष्णुता दाखविली तर सहिष्णुताच नष्ट होईल. हें म्हणणें अलीकडे जो तो आपल्या विरोधकाचें तोंड बंद करण्यासाठीं पुढें करतो. परंतु त्याच टिपेंत पुढें आहे तें सहसा कोणी सांगत नाहीं: जोंवर वादानें आणि लोकमतानें त्यांना आवरतां येतें तोंवर त्यांची तोंडें दाबणें शहाणपणाचें नाहीं, युक्तिवादाला जे मुठीनें अगर पिस्तुलानें उत्तर देतात त्यांच्यापुरता दाबण्याचा हक्क राखून ठेवावा. म्हणजे शींव विचारावर नाहीं, उगारलेल्या हातावर आहे. आम्हांस हें पटतें. मात्र एवढी पुरवणी जोडावीशी वाटते कीं, हात पहिल्यानें कोणीं उगारला हें पाहतांना पोलिसाची काठी, सावकाराची वही आणि पाणवठ्यावरचा पहारा हेही हातच समजावेत.

आतां आमच्या अनुभवांतली एक लहानशी गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं महामार्गावरील एका चौफुलीवर रस्ता ओलांडतांना माणसें दगावलीं. भुयारी मार्ग पाहिजे म्हणून अर्ज गेले. त्यांतील दोन आम्हींच शुद्ध केले होते. संबंधित खात्याकडून उत्तर आलें नाहीं. मग रास्ता रोको झाला, आणि आम्हीही त्या उन्हांत दोन तास डांबरावर बसलों. सारें शिस्तींत चाललें होतें. परंतु मंडळी उठतां उठतां एक दगड एस्. टी.च्या कांचेवर बसला आणि कंडक्टरच्या भुंवईला खोंक पडली. दगड कोणीं मारला हें पुष्कळांनीं पाहिलें. तो आमच्याच शाळेंतून गेलेला, शेजारच्या आळींतला मुलगा.

दोन दिवसांनीं गांवची चार मंडळी घरीं आलीं. त्यांनीं एक पत्र लिहून आणलें होतें: आंदोलन पूर्णपणें शांततेंत झालें, आंदोलकांकडून कोणताही दगड मारला गेला नाहीं.

"गुरुजी, तुमची सही पायजे. तुमची असली म्हंजे साहेब मानतील."

"पण दगड तर मारला गेला."

"कुणी मारला ते आम्ही कुठं लिव्हतोय? कुणीच मारला न्हाई, येवढंच. पोराचं वर्ष फुकट जाईल, गुरुजी. आन् खात्यानं चार माणसं मारली त्याचं पत्र कुणी लिव्हलं?"

हा शेवटचा प्रश्न खोटा नव्हता, आणि त्याला आमच्यापाशीं चांगलेंसें उत्तरही नव्हतें. तरी आम्हीं सही केली नाहीं. मुलाचें नांव कोणासही सांगणार नाहीं, जामिनाला उभे राहूं, भुयारी मार्गासाठीं आणखी दहा अर्ज लिहूं व पुन्हां डांबरावर बसूं. परंतु दगड पडलाच नाहीं असें लिहिणार नाहीं, एवढें सांगितलें. मंडळी चहा न घेतां उठली. संक्रांतीला त्या आळींतून हळदीकुंकवाला आमच्या घरीं कोणी आलें नाहीं, आणि हा अबोला दोन वर्षें टिकला. घरांतल्या माणसांनीं आम्हांस बोल लावला नाहीं. परंतु वाणाचीं सुगडें तशींच राहिलीं, तीं पाहणें सोपें नव्हतें.

मधल्या काळांत आम्ही त्या कंडक्टरला भेटून आलों. त्यानें घोंगडी पसरली, पाणी दिलें. भुंवईवर तीन टांके होते. तो म्हणाला, "मागणी खोटी न्हवं, गुरुजी. पण मी काय रस्ता बांधतो व्हय?"

मुळशीच्या त्या गाडींतील माणसांनीं याहून निराळें काय म्हटलें असतें? आम्हांस तरी त्या एका वाक्यांत पॉपरच्या टिपेइतकें तत्त्वज्ञान दिसलें. दगड मारणाऱ्याचा राग खरा होता. खात्याचा दोष खरा होता. आणि रक्त मात्र तिसऱ्याच माणसाचें होतें. गांवानें तें रक्त खपवून घ्यावयाचें ठरविलें, कारण तें आपल्या बाजूच्या हातून सांडलें होतें. चळवळीला आंतून कीड लागते ती येथें. विरोधकाची हिंसा कोणाच्याही नजरेस पडते. आपल्या बाजूच्या हिंसेला नांव देणारा एक तरी मनुष्य घोळक्यांत असला तर ती चळवळ जमावाच्या पायरीवर उतरत नाहीं. महाडास असा मनुष्य पुढारीच होता, हें तेथील लोकांचें भाग्य.

परंतु एवढ्यावर थांबलों तर आम्ही पुन्हां सोसणाऱ्यालाच उपदेश करून मोकळे झालों असें होईल. म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भोरच्या उशाशीं भाटघरचें धरण आहे. तें १९२८ सालीं पुरें झालें, आणि त्याचें पाणी नीरेच्या कालव्यांनीं खालच्या मुलखांतला ऊंस पिकवितें. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आमच्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाहीं. मुळशीच्या मावळ्यांचें नांव आज पुस्तकांत आहे, कारण ते उठून बसले. भाटघरच्या पाण्याखालीं ज्यांचीं शेतें गेलीं त्यांचें नांव तितकेंसें कोणी घेत नाहीं. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे कांबरे गांवचें कांबरेश्वराचें देऊळ वर येतें. लोक दर्शनाला जातात, फोटो काढतात, आणि पाऊस लागला कीं तें पुन्हां बुडतें.

सोसणाऱ्यानें आरडाओरडा केल्याशिवाय त्याची शींव कोठें आहे हें कोणी विचारूं नये, आणि त्यानें दगड उचलला कीं सर्वांनीं त्याला शांततेचे धडे द्यावेत, ही रीत जोंवर चालू आहे तोंवर दगड पडतच राहणार. ते पडूं नयेत असें ज्यांना मनापासून वाटतें त्यांनीं अर्ज आला त्याच दिवशीं उत्तर धाडण्याची संवय लावून घ्यावी. खपवून घेणाऱ्यांची खरी सहिष्णुता तेथें कसाला लागते. दगड पडल्यानंतर जी दाखविली जाते ती बहुधा भीति असते, किंवा हिशेब.